लाईट आणि उजेड

रात्रीचे पावणेदहा. दाजी ओट्यावर बसून गमबूट चढवताहेत. डोक्याला मफलर, अंगात दोन स्वेटर, त्यावर जुनं जर्किन. शेजारी खोरं, बॅटरी आणि ताईनं भरून दिलेला चहाचा थर्मास. आतल्या खोलीत आबा, म्हणजे दाजींचे वडील, गोधडीत शिरून केव्हाच घोरू लागलेत. पोत्यावर वेटोळं करून पडलेलं कुत्रं बुटांच्या आवाजानं एक डोळा उघडतं आणि पुन्हा मिटून घेतं. घरातला, गोठ्यातला, अंगणातला जीव न् जीव झोपेला लागलाय. निघालेत ते एकटे दाजी आणि त्यांच्यामागे मी, हौशी पाहुणा.

"पुण्यात झोप लागत नाही म्हणून इथं आलास ना?" ताई म्हणते. "आणि इथं येऊन जागणार!"

डिसेंबरचा शेवटचा आठवडा, जुन्नर तालुका. गव्हाला आज एकविसावा दिवस. गव्हाच्या मुकुटमुळ्या फुटतात त्या याच सुमाराला, पेरणीपासून १८ ते २१ दिवसांत. हे पाणी चुकलं तर फुटवा कमी येतो आणि पुढं कितीही पाणी पाजलं तरी तो भरून निघत नाही. गहू आपला दिवस मोजून बसलाय, त्याला थांबा म्हणता येत नाही. आणि शेतीच्या फीडरला या आठवड्यात चार रात्री लाईट आहे, दहा ते सहा. नंतरचे तीन दिवस दिवसा. पुढच्या महिन्यात वेळापत्रक पुन्हा फिरणार.

आम्ही चिंचेखालून बांधावर चढतो. मी बॅटरी वर मारतो. चिंचेची पानं मिटलेली आहेत. समोरासमोरच्या पानांच्या जोड्या एकमेकींना चिकटून, हात जोडल्यासारख्या.

"तीपण झोपली," दाजी म्हणतात. "पुढं चला. बॅटरी खाली धरा, पायाशी. वर काय नाय, जे काय हाये ते खालीच."

दहाला दोन मिनिटं कमी. विहिरीपाशी आम्ही उभे. दाजी काही बोलत नाहीत, कान देऊन ऐकताहेत. मग खांबावरचा दिवा पेटतो, पेटीत खट्ट होतं, पाच एचपीची मोटर घरघरते आणि शिवारभर, जवळून लांबून, एकामागून एक मोटरी सुरू होतात. "आली," दाजी म्हणतात. पाठोपाठ बांधाबांधावरून बॅटऱ्यांचे ठिपके खाली उतरू लागतात. कोणता ठिपका कुणाचा हे दाजी त्याच्या चालीवरून सांगतात. हा लंगडतो म्हणजे अमका, हा मधेच थांबतो म्हणजे तमका बिडी पेटवतोय. सगळं गाव झोपलेलं आणि सगळं शिवार जागं.

आपल्या बोलीत 'लाईट' म्हणजे वीज. लाईट येते, जाते, दमते, एका फेजची होते. आज रात्रभर लाईट आहे. उजेड मात्र कुठंच नाही.

*

अकरा वाजलेत. पाटाचं पाणी पहिल्या साऱ्यात शिरलंय. ते अंधारात दिसत नाही, ऐकू येतं. कोरडी माती पाणी पिते तेव्हा बारीक फसफस होते. ती साऱ्याच्या टोकाला पोचली की दाजी दोन खोऱ्यांत पुढचं दारं मोडतात आणि मागचं बुजवतात. यालाच दारं धरणं म्हणायचं. काम तसं साधं. मोटर आपोआप चालू होते, मोबाईलवरूनही होते, पण पाणी कुठं वळवायचं ते मोबाईलला कळत नाही. त्याला माणूसच लागतो, तोही जागा.

दाजींच्या जर्किनच्या खिशातला फोन भजनं म्हणतोय. भक्तीपेक्षा त्यात भीतीचा भाग जास्त. पलीकडे उसाचा फड आहे आणि या तालुक्यात ऊस म्हणजे बिबट्याचं घर. माणसाचा आवाज चालू असला की तो लांबून जातो, असा इथला भरवसा. दारं मोडण्याआधी दाजी खोऱ्याचा दांडा दोनदा जमिनीवर आपटतात, ते मण्यार-घोणशीसाठी. बिबट्याचा, मण्यारीचा, घुबडाचा दिवस आत्ता चाललाय. त्यांचे डोळे, कान, भूक, सगळं या वेळेसाठीच घडलेलं. त्यांच्या कामाच्या वेळी त्यांच्या हद्दीत आम्ही दोघं चिखलात उभे, आणि आमचं अंग मात्र दिवसासाठी घडलेलं.

मी बारा वर्षं एका दैनिकात रात्रपाळीचा उपसंपादक होतो. पहाटे दोनला पान सोडायचं, तीनला घरी, सकाळी आठला दारावर भाजीवाला. तेव्हा वाटायचं, सवयीनं सगळं होतं. आपण झोपेला जिंकलंय असंही वाटायचं. नंतर पोट बिघडलं, साखर वाढली, डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो कामाच्या वेळेचा. मग मी या विषयावर जे मिळेल ते वाचत सुटलो. पहिल्याच पुस्तकात भेटली ती ही चिंचेसारखी मिटणारी पानंच.

१७२९ साली फ्रान्समध्ये दे मेराँ नावाच्या खगोलशास्त्रज्ञानं लाजाळूच्या जातीचं एक झाड अंधारात कोंडून ठेवलं. झाड ऊन पाहून पानं उघडत असेल तर अंधारात ती मिटलेलीच राहायला हवीत. पण ऊन न दिसताही सकाळ झाली की पानं उघडत होती आणि संध्याकाळी मिटत होती. म्हणजे वेळ बाहेरून येत नव्हती, ती झाडाच्या आत होती.

माणसाच्या आतही ती आहे. १९६२ मध्ये मिशेल सिफ्र हा तरुण फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ आल्प्समधल्या एका गुहेत, घड्याळ न घेता, दोन महिने एकटा राहिला. १४ सप्टेंबरला त्याला वर काढलं तेव्हा त्याच्या हिशेबानं २० ऑगस्टच होती. दिवसांची गणती पार चुकली, पण झोपणं-उठणं मात्र साधारण चोवीस तासांच्या फेऱ्यातच चाललं होतं. आपल्याकडे मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन यांनी वटवाघळांवर असं काम केलं, आणि उजेड-घड्याळ-बातमी काहीही पोचणार नाही अशा खोलीत माणसांना ठेवूनही. डोक्यातला हिशेब चुकतो, अंगातला चालूच राहतो.

"काय पुटपुटताय?" दाजी विचारतात.

"तुमच्या डोक्यात घड्याळ आहे, ते सांगत होतो."

"हाये ना," ते खोरं मारत म्हणतात. "पण बिघडलंय ते."

*

दीड वाजलाय. थंडी गुडघ्यांतून वर चढतेय. बांधापलीकडे शेजाऱ्याची शेवंती आहे. त्या प्लॉटवर तारा ओढून बल्ब टांगलेत आणि या सगळ्या काळोखात तेवढा एक चौकोन लग्नघरासारखा झगमगतोय.

"ह्ये बघा," दाजी म्हणतात. "तिला फसवतोय त्यो."

शेवंती रात्र मोजते. रात्री लांबल्या की तिला कळी लागते. रात्रीच्या मधेच काही तास दिवे लावले की तिची रात्र मोडते, दिवस अजून मोठाच आहे असं तिला वाटतं आणि ती कळी न धरता नुसती वाढत राहते. दांडे लांब झाले, बाजार ठरला की दिवे बंद. मग ती फुलते, शेतकऱ्याला हव्या त्या तारखेला. सोलापूरकडे ड्रॅगन फ्रूटच्या बागांत याच्या उलट चालतं. तिथं हंगाम संपल्यावर दिवे लावून दिवस लांबवतात आणि झाडाला अवेळी फुलवतात.

झाडाला दिव्यानं फसवता येतं, तसं माणसाच्या अंगालाही. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून आलेल्या नसा जिथं एकमेकींना ओलांडतात, त्याच्या बरोबर वर सुमारे २०,००० पेशींचा एक बारीकसा पुंजका आहे. अंगातलं मुख्य घड्याळ ते. त्याचा स्वतःचा फेरा चोवीस तासांहून थोडा मोठा, त्यामुळे त्याला रोज जुळवून घ्यावं लागतं आणि जुळवतो तो उजेड. बघण्याशी फारसं काम नसलेल्या, नुसता उजेड मोजणाऱ्या वेगळ्या पेशी डोळ्याच्या पडद्यात आहेत. त्या या पुंजक्याला बातमी देतात. बातमी मिळाली नाही की मेलाटोनिन वाढतं आणि अंग झोपेकडे कलतं.

आता आमची बातमी काय? भर दुपारी या शेतात लाखभर लक्सपर्यंत उजेड असतो. पौर्णिमेच्या चांदण्यात एक लक्सही भरत नाही, आणि आज तर चंद्रही नाही. विहिरीवरचा नऊ वॉटचा दिवा आणि दाजींची बॅटरी, एवढ्यावर त्या पुंजक्याची समजूत पटत नाही. शेवंतीला निदान तबियतीनं फसवतात. दाजींना धड कुणी फसवतही नाही. त्यांचं अंग रात्र आहे हे पक्कं ओळखून बसलंय, नि काम मात्र दिवसाचं.

*

पावणेतीन. थर्मास उघडतो. ताईनं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणीही बांधून दिलीय. दाजी नुसता चहा घेतात.

"खात नाय मी या वक्ताला. खाल्लं का छातीशी येतं सगळं."

हेही घड्याळच. जठराला, यकृताला आपापली घड्याळं आहेत आणि ती जेवणाच्या वेळेवर चालतात. रात्री साखर पचवायची अंगाची ताकद दिवसापेक्षा कमी असते. रात्री राबणाऱ्यांत मधुमेह आणि हृदयाचे आजार जास्त दिसतात, त्यामागे हेही एक कारण सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००७ मध्ये रात्रपाळीच्या कामाला कर्करोगाच्या संभाव्य कारणांच्या यादीत घातलं. ही माहिती मी दाजींना सांगत नाही. गव्हात उभ्या माणसाला ती सांगून काय होणार?

त्याऐवजी विचारतो, "सवय होते का हो?"

"कशी व्हईल? चार रात्री जागायचं. चौथ्या रात्री जरा बरं वाटाया लागतं, तवर दिवसाची लाईट येती. मग दिवसा दारं धरा आणि रात्री टक्क जागे पडा. झोप यायला लागली की पुन्हा सोमवार."

शास्त्राचा हिशेबही असाच आहे. अंगातलं घड्याळ दिवसाला साधारण एक तास सरकतं, तेही उजेडाची साथ असली तर. रात्रीचा दिवस करायचा म्हणजे निदान आठ तास सरकवायचं. चार रात्रींत ते जेमतेम अर्ध्या वाटेवर येतं आणि तिथून त्याला परत फिरवायचं. विमानानं परदेशी जाणाऱ्याला हा त्रास वर्षाकाठी एखाद्या वेळी होतो आणि त्याला नावही आहे, जेट लॅग. दाजी घरापासून पाचशे पावलांवरच्या गव्हात दर आठवड्याला हा प्रवास करून येतात.

"दिवसा आठ तासांत दीड एकर भिजतं माझं," ते कप विसळत म्हणतात. "रात्री एकर झालं तरी डोक्यावरून पाणी. तीच मोटर, तेच पाणी, तोच मी."

*

चारला दहा कमी. आता कुणीच बोलत नाही. भजनं केव्हा थांबली कळलं नाही, फोनची बॅटरी उतरली असणार. शिवारातले ठिपकेही हलेनासे झालेत, जो तो आपापल्या बांधावर बसलाय. दाजी पाटाच्या कडेला उकिडवे, खोऱ्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून. मी दोन सारे अलीकडे. हा सारा भरला की हाक मारायचं काम माझ्याकडे आहे. पाण्याची फसफस ऐकतोय. फसफस. फसफस.

पाय एकदम गार पडतात.

डोळे उघडतो. ते मिटले होते हेही आत्ताच कळतंय. पाणी बुटाच्या वर. मी ओरडतो. दाजी खडबडून उठतात, बॅटरी पाटावर मारतात. पाट वरच्या अंगाला फुटलाय आणि सगळं पाणी आमचा गहू सोडून शेजारच्या हरभऱ्यात चाललंय. दाजी धावतात, खोऱ्यानं ढेकळं ओढतात, ती वाहून जातात, मग आपलं जर्किनच काढून भगदाडात कोंबतात आणि वरून माती लोटतात. मी हातानं चिखल टाकतोय. पाणी थांबतं. हरभऱ्याचे किती वाफे बुडाले ते सकाळी दिसेल. हरभऱ्याला साचलेलं पाणी सोसत नाही.

"किती वाजले?" दाजी धापा टाकत विचारतात.

"चार वाजून दहा मिनिटं."

"तरीच." ते बांधावर मटकन बसतात. "ह्या टायमाला दर वेळी व्हतंय बघा. मागल्या खेपंला हीच जागा, हाच टाईम."

जागा योगायोगानं तीच असेल. वेळ मात्र योगायोगाची नाही. पहाटे चार-पाचच्या सुमाराला अंगाचं तापमान दिवसातलं सर्वांत खाली उतरतं आणि अवधानही त्याच्याबरोबर तळाला जातं. डोळे उघडे असतानाही मेंदू काही सेकंद झोपून घेतो. दैनिकात होतो तेव्हा एकदा चुकीच्या माणसाच्या फोटोखाली निधनाची बातमी गेली होती. ते पान मी वाचून सोडलं होतं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी निष्काळजीपणा हा एकच शब्द वापरला, मीसुद्धा. आज या चिखलात बसून वाटतं, त्या रात्री पान किती वाजता सोडलं हे कुणी विचारलंच नव्हतं.

*

पाच वाजतात. काळोख तेवढाच आहे, पण घराकडून आवाज यायला लागलेत. आधी कोंबडा, मग गोठ्यातली म्हैस. तिची धारेची वेळ झालीय आणि ती ते सगळ्या वस्तीला सांगतेय. नंतर आबांचं खोकणं. आबांनी जन्मात गजर लावला नाही. सत्तरी उलटल्यापासून तर ते साडेसातलाच आडवे होतात आणि साडेचारला टक्क उठून बसतात. वय वाढलं की घड्याळ असं पुढं सरकतं. ताईच्या कॉलेजातल्या मुलाचं नेमकं मागं पडलंय, तो आत्ता कुठं गाढ झोपला असेल. एकाच घरात तीन पिढ्या, तिघांची घड्याळं वेगळी, आणि आबा नातवाला आळशी म्हणतात.

सहाला मोटरीचा सूर उतरतो. घरघर, मग घसरण, मग काहीच नाही. विहिरीवरचा दिवा विझतो. शिवारभर शांतता पसरते आणि त्या शांततेत कळतं की आपण आठ तास एका आवाजाच्या पोटात होतो. लाईट गेली. उजेड यायला अजून तास आहे. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखांशाचं आणि जुन्नर त्याच्या बरंच पश्चिमेला, त्यामुळे सूर्य इथं घड्याळाच्या सुमारे ३४ मिनिटं मागून चालतो. मुंबईनं तर आपली ३९ मिनिटं मागची 'बॉम्बे टाईम' १९५५ पर्यंत हट्टानं सांभाळली होती.

परतताना चिंचेखाली मी थांबतो. पूर्वेला जेमतेम राखाडी पट्टा आहे, ऊन कुठंच नाही. तरी पानांच्या जोड्या एकमेकींपासून सुटू लागल्यात. झाडानं सूर्याची वाट पाहिलेली नाही.

दाजींना मात्र थांबायला वेळ नाही. म्हशीची धार काढायची, दूध संकलन केंद्रावर पोचवायचं. तिकडचा काटा सव्वासातला बंद होतो. हातपाय धुऊन ते कॅन मोटरसायकलला अडकवतात. ताई म्हणते, मी जाते, तुम्ही पडा. ते ऐकत नाहीत. मी मागे बसतो, ते डुलकले तर हाक मारायला. कालव्याच्या वळणावर सूर्य समोर येतो. सपाट, लाल, थेट डोळ्यांत. दाजी एक हात कपाळाशी धरतात. रात्रभर जी बातमी मिळत नव्हती ती आता त्या पुंजक्याला भरभरून मिळतेय की दिवस सुरू झालाय, उठा. नेमकी झोपायला निघालेल्या माणसाला.

*

साडेनऊ. दाजी ओट्यावर आडवे झालेत. आतल्या खोलीत टीव्ही, शेजारी मिक्सर, रस्त्यावर भंगारवाल्याचा भोंगा. डोळ्यांवर टॉवेल, तरी उन्हाची तिरीप त्याच्या कडेनं आत शिरतेय. अंगाचं तापमान आता वर चढत जाणार, त्यामुळे बाहेर सगळं शांत असतं तरी ही झोप रात्रीसारखी झालीच नसती.

"न खाता निजला ना?" आबा विचारतात. "मग बरोबर."

आबांना हे त्यांच्या वैद्य असलेल्या चुलत्यांनी सांगितलेलं. जागरण झालं तर जेवढं जागलो त्याच्या निम्मा वेळ सकाळी, काही न खाता झोपावं, असं वाग्भटानं अष्टांगहृदयात लिहून ठेवलंय. आठ तासांचे निम्मे चार. म्हणजे दाजींना दीड वाजेपर्यंत उठवायला नको.

दहाला शेजारी येतो, हरभऱ्याबद्दल बोलायला. ताई त्याला खुणेनं गप्प करून अंगणाच्या टोकाला नेते. तो चिडलेला नाही. कालच्या रात्री त्याच्याही बांधावर एक ठिपका बराच वेळ हलला नव्हता. "ओढ्यापलीकडं सोलर बसलेत," तो जाताना मला म्हणतो. "त्ये दिवसा पाणी देतात अन् रात्री झोपतात. माणसासारखं." त्यानंही अर्ज केलाय. दाजींनीही. ऊन असेल तेव्हा पाणी, एवढंच त्यांना हवंय.

अकराच्या सुमाराला वारा येतो आणि टॉवेल सरकतो. भर ऊन दाजींच्या तोंडावर पडतं. ते ताडकन उठून बसतात, डोळे मिटलेलेच, हात खोरं शोधतोय.

"लाईट आली?"

ताई तांदूळ निवडायचं थांबवते. टॉवेल पुन्हा त्यांच्या डोळ्यांवर ओढते.

"नाही. ऊन आहे ते. झोपा."